वेल्डरीण म्हणजे वेल्डरची बायको

मराठीत बाईसाठी कामांची नावं ज्यांनी कोणी तयार केली, त्यांनी फार डोकं खर्च केलेलं दिसत नाही. मास्तरची बायको मास्तरीण, पाटलाची बायको पाटलीण, डॉक्टरची बायको डॉक्टरीण. बाईनं स्वतः काही शिकायची गरज नाही, लग्न लागलं की पदवी मिळाली. आमच्या सेक्टर सहामध्ये एक फोरमनीण होती. तिनं जन्मात पाना हातात धरला नव्हता, पण रेशनच्या रांगेत तिची पिशवी सगळ्यांच्या आधी भरायची. कोणी हटकलं तर म्हणायची, "माहीत हाय ना मी कोन हाय ते?" माहीत होतं, म्हणूनच तर राग यायचा.

हा शब्दांचा घोळ माझ्या अंगाशी कसा आला आणि त्यापायी एक वेल्डर नवरदेव आमच्या घरात भजे खायला कसा येऊन बसला, ते सांगते. त्याआधी आम्ही कोण, ते सांगायला हवं.

माझे मायबाप भंडाऱ्याकडचे. पोलादाच्या कारखान्याचं नाव ऐकून ते इथं भिलाईला आले तेव्हा इथं कारखाना नव्हता, लाल माती आणि तंबू होते. बाबा खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे दोरखंड, कप्प्या आणि साखळ्यांनी मोठमोठे गर्डर वर चढवणारा माणूस. गावाकडचे चुलते अजूनही विचारतात की भिलाईचा समुद्र केवढा आहे. माय रेजा होती. रेजा म्हणजे बांधकामावर डोक्यावरून घमेलं वाहणारी बाई. ज्या भट्टीसमोर उभे राहून मोठे लोक फोटो काढून घेतात, तिच्या पायाभरणीची माती माझ्या मायनं वाहिली आहे. फोटोत ती नाही. पुढे बाबा पक्के झाले, क्वार्टर मिळालं, मायचं घमेलं सुटलं. गावात ज्यांना विहिरीजवळ उभं राहू देत नव्हते, ते आम्ही, नवे बौद्ध, घरात नळ असलेले लोक झालो. तो नळ माय कितीतरी दिवस विनाकारण सोडून पाहायची.

मी मॅट्रिक झाले आणि पत्रकं लिहायला लागले. आमच्या तरुण मंडळाचं एक वाचनालय होतं, म्हणजे एक कपाट, दोन बाकं, आणि बाकांवर मावणार नाहीत इतके पदाधिकारी. पत्रकं छापायला दुर्गला जावं लागायचं. छापखाना हिंदीचा, त्याच्या खिळ्यांमध्ये ळ नव्हता. त्यामुळे आमची चळवळ कायम 'चलवल' म्हणून निघायची आणि तळमळीचं आवाहन 'तलमलीचं' व्हायचं. मालक म्हणायचा, बहनजी, समझने वाला समझ जाएगा. समजणारा समजायचा नाही, हसायचा. तरी मी लिहायची. बस न थांबण्यापासून ते हळदीकुंकवापर्यंत मी सगळ्याचा निषेध केला, आणि विषय संपले की सायकल काढून शोधायला निघायची.

अशाच एका पत्रकात मी मांडलं होतं की बाईनं आपल्या कामाचं नाव बाईच्याच रूपात लावावं, पुरुषाचं उसनं घेऊ नये. मंडळात तसा ठराव आणला. तो एकमतानं पास झाला, कारण मंडळात बाई मी एकटीच होते आणि बाकीच्यांचं त्यात काही जात नव्हतं.

वेल्डिंगचं वेड डोक्यात शिरलं ते एका रशियन बाईमुळे. बाबा डबा विसरून गेले होते, तो द्यायला मी कारखान्याच्या फाटकाशी गेले. आत विस्ताराचं काम चाललं होतं, नव्या शेडचा सांगाडा उभा होता. त्याच्याखाली पँट घातलेली एक जाडजूड बाई डोक्यावर टोप घालून एका जोडावर टॉर्च मारून पाहत होती. तिनं वाकून पाहिलं, बोट फिरवलं, मग खिशातून खडू काढून त्यावर ही मोठी फुली मारली आणि शेजारच्या दोन पुरुषांना आपल्या भाषेत असं काही झापलं की दुभाष्यानं त्याचं भाषांतरच केलं नाही. तो नुसता म्हणाला, मॅडम नाराज हैं. त्या दोघांनी मान खाली घालून तो जोड परत करायला घेतला.

मी धावत घरी येऊन मायला सांगितलं की तिकडे एक बाई पुरुषांना झापून राहिली. माय भाकरी थापत होती. म्हणाली, "ते बाई नाई वो, ते रशियन हाय."

पण माझ्या डोक्यातून ती फुली जाईना. जगाला चूक ठरवायचं काम मीही करत होते, पण माझं पत्रक वाचून कोणी काही परत जोडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यात शेंगदाणे बांधलेले पाहिले होते. त्या बाईच्या खडूला जी किंमत होती, ती तिला जोड कळत होता म्हणून होती. मला वाटलं, आधी जोड शिकावा.

त्याच सुमारास गावातल्या एका ट्रेनिंग स्कूलात फिटर, टर्नर आणि वेल्डरची भरती निघाली. आणि त्याच सुमारास सेक्टरमधल्या एका प्राथमिक शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली. ही जागा मायनं मनातल्या मनात कधीचीच भरून ठेवली होती. खुर्ची, टेबल, पांढरी सुती साडी, आणि आत गेलं की पोरं उभी राहून नमस्ते म्हणतात. मी मॅट्रिकच्या अभ्यासाला बसायची तेव्हा ती समोर बसून राहायची, आणि तिला वाचता येत नसलं तरी मी पान उलटलं नाही तर तिला बरोबर कळायचं.

तर एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मी माझ्याच ठरावाला जागून म्हणाले, "मी शाळेत जात नाई. मी वेल्डरीन होनार."

बाबांचा घास हातातच राहिला. माय पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाबांनी हळूच विचारलं, "कोनाची?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, "कोनाची म्हंजे? माझी मी."

"म्हंजे पोरीनं जमवलं बी," माय म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मी आपली बोलत सुटले. म्हटलं, मी सगळा विचार केला आहे, यात पुढे भविष्य आहे, शाळेपेक्षा माझं मन तिकडेच आहे. जे जे बोलत गेले ते त्यांची समजूत पक्की करत गेलं. बाबांनी एवढंच विचारलं की आपल्यातलाच आहे का. मी म्हणाले, आपल्यातलं अजून तिथं कोणी नाही, मीच पहिली. झालं. जेवण तिथंच थांबलं.

आमच्या शेजारी एक आत्या राहायची. रक्ताची नव्हे, भिंतीची. दोन क्वार्टरमधली भिंत एक, आणि त्या भिंतीचा कान तिच्याकडचा. पोरीचं मन एका वेल्डरवर बसलं आहे ही बातमी तिनं सेक्टरभर फिरवली, पण बाई मनानं वाईट नव्हती. तिनं तोडगाही आणला. पोरीला वेल्डरच पाहिजे ना, मग वेल्डरच पाहू, पण आपल्यातला पाहू. दुर्गला तिच्या नात्यात एक होता.

यातलं मला काही माहीत नव्हतं. मला फक्त सांगण्यात आलं की रविवारी पाहुणे येऊन राहिले, त्यात एक वेल्डर आहे. मला भरून आलं. मला वाटलं, बाबांचं मन वळलं, आणि त्यांनी मला ट्रेडची, म्हणजे त्या कामाची, माहिती द्यायला अनुभवी माणूस बोलावला. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

पोरगा त्याच्या काकांबरोबर आला. अंगाने बरा, केस तेल लावून बसवलेले, खाली मान. मी भज्यांची ताटली ठेवली आणि लगेच सुरुवात केली. डोळ्यांपुढे काळी काच धरून दिवसभर मान दुखते का? उन्हाळ्यात टाकीच्या आत शिरून काम करावं लागतं का? हात भाजतात का? तो म्हणाला, भाजतात ना. मी म्हटलं, दाखवा. त्यानं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक डाग होते, मोहरी उडाल्यासारखे. मी हात ओढून जवळून पाहिले.

काका खाकरले. मग बाबांकडे पाहून म्हणाले की पोरगी काळजीवाली आहे, आजकाल एवढं कोण विचारते. आत्या दारात उभी राहून डोळे पुसत होती.

पोराला मात्र कधी कोणी कामाचं विचारलं नसावं. तो खुलला. रॉड कसा ओला झाला की फुरफुरतो, उभा जोड कसा कठीण, डोक्यावरचा त्याहून कठीण, ठिणगी कॉलरातून पाठीत गेली की नाचता येत नाही कारण हातातला जोड अर्धा असतो, सगळं त्यानं सांगितलं. मी लिहून घेतलं. मग त्याचा आवाज एकदम उतरला.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "मले हे सोडायचं हाय. मी दुर्गले टायपिंग शिकून राहिलो. डोये जातेत याच्यात. बाबू झालो का खुर्चीवर बसाले भेटते."

मला संताप आला. चांगला माहितगार माणूस आणि शेवटी खुर्चीवरच जाऊन पडला. मी म्हणाले, "मंग तुमी इथं आले कशाले?"

"तुमाले पाहाले," तो म्हणाला.

"मले कशाले पाहता?"

बाबांनी आधी आत्याकडे पाहिलं. मग बाबाच म्हणाले, फार बारीक आवाजात, "तूच तं म्हनली होती ना बाई, वेल्डरीन होनार मनून."

तेव्हा माझ्या डोक्यात ठरावासकट सगळा प्रकाश पडला. मी उभी राहिले. "बाबा, मले वेल्डर नाई पाहिजे. मले वेल्डर व्हायचं हाय."

काकांनी हातातलं भजं आधी संपवलं. मग त्यांनी पोराकडे पाहिलं, पोरानं माझ्याकडे. त्या सगळ्या बैठकीत तोच एकटा हसला. म्हणाला, "मंग माझी जागा घ्या ना जी. मी सोडूनच राहिलो."

पाहुणे गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं.  बाबांचा विरोध नव्हता, त्यांना फक्त कामावर गेल्यावर तोंड कुठं लपवायचं ते कळत नव्हतं. खरी भिंत होती माय. मी तिला समजावलं की ट्रेड म्हणजे घमेलं नव्हे. आपल्याला आजवर धंदा जन्मानं चिकटवला, आता इतिहासात पहिल्यांदा आपण तो स्वतः निवडू शकतो, फिटर की टर्नर की वेल्डर, आणि यातला कोणताही जातीनं ठरत नाही.

"पत्रक मले नको वाचू," माय म्हणाली. "आपल्या लोकायले काम कधी कमी पडलं का? कमी पडली ते खुर्ची. ते चालून आली तं तू लाथ मारून राहिली."

गुरुवारी सकाळी हाच वाद पुन्हा झाला आणि मी चिडून निघून गेले. थेट ट्रेनिंग स्कूलात.

भांडायची तयारी पूर्ण होती. मुलगी म्हणून अडवलं की काय बोलायचं, आत सोडलं नाही तर पायरीवर कसं बसायचं, दुसऱ्या दिवशी कोणतं पत्रक काढायचं, सगळं ठरलेलं. त्यात ळ असलेला एकही शब्द येणार नाही याचीसुद्धा काळजी घेतली होती. साहेब एक सर्दी झालेले गृहस्थ होते, समोर बामची डबी उघडी. मी उभ्याउभ्याच सुरू केलं की तुमच्या जाहिरातीत उमेदवार लिहिलं आहे आणि उमेदवार हा शब्द दोघांना चालतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, शिंकले, जाहिरात मागवली, वाचली. बाबूला विचारलं की असा काही नियम आहे का. बाबू म्हणाला, साहेब, असा नियम करायची वेळच आली नाही.

"लिखा तो नहीं है कि लड़की नहीं चलेगी," साहेब म्हणाले आणि नाकाला बाम लावला. "तो चलेगी. टेस्ट दे दो."

थोडं गणित सोडवायला दिलं. लोखंडाची एक पट्टी कानशीनं घासून सपाट करायला लावली. माझी झाली तशी झाली, शेजारच्याची माझ्यापेक्षा वाईट झाली. मग म्हणाले, सोमवारपासून या. जूते पहन के आना, चप्पल नहीं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. ज्या पायरीवर सत्याग्रहाला बसायचं होतं तिच्यावरच. 'नाही' म्हणणारा माणूस न भेटल्यामुळे माझी फार पंचाईत झाली होती. अडवल्यावर काय करायचं ते मला पाठ होतं. न अडवल्यावर काय करायचं, ते मी वाचलेल्या कोणत्याच पत्रकात नव्हतं, मी लिहिलेल्यात तर नव्हतंच. शाळेतही हजर व्हायचं ते सोमवारीच. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. मला हे हवं आहे का, एवढा एकच प्रश्न उरला होता, आणि तो मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

विचारल्यावर फार वाईट उत्तर आलं. ज्यांनी लोखंडाला, मातीला हात लावला होता, त्या सगळ्यांना खुर्ची हवी होती. मायला माझ्यासाठी, त्या नवरदेवाला स्वतःसाठी. लोखंड हवं होतं ते एकट्या मला, जिनं परीक्षेतल्या एका पट्टीपलीकडे त्याला हात लावला नव्हता. यात शहाणं कोण असण्याची शक्यता जास्त आहे, ते कळायला मॅट्रिक लागत नाही.

म्हणून मी शुक्रवारी सायकल काढून गावाबाहेरच्या हथखोजला गेले. तिथं तेव्हा मोकळ्या रानात थोडी वर्कशॉपं उभी राहायला लागली होती. त्यातलं एक मायच्या मावसभावाचं. मामा खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॉल्या बनवायचा, आणि त्याच्या बोलण्यावरून कारखान्याची पहिली भट्टी त्यानंच उभी केली होती. रशियन लोक त्याच्या हातापाया पडले होते, पण बोर्श नावाची आंबट भाजी रोज खायला लागेल म्हणून त्यानं त्यांना नकार दिला. असा मामा. त्याचा हाताखालचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, त्यामुळे बाई, ट्रेड, समाज असल्या कोणत्याही प्रश्नात न शिरता त्यानं माझ्या हातात रॉड धरायचा होल्डर दिला.

पहिला रॉड चिकटला. ओढला तर पट्टीच उचलून आली. दुसरा चिकटला. तिसऱ्यानं ठिणगी धरली, मी घाबरून हात मागे घेतला, विझली. मामा म्हणाला, कोंबडी पकडून राहिली का? मग कितव्या तरी वेळेला ती पेटली आणि पेटलेली राहिली.

काळ्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही. मामा नाही, शेड नाही, स्वतःचा हात नाही. दिसतं ते फक्त वाटाण्याएवढं उजेडाचं थारोळं, आणि त्यात लोखंड पाण्यासारखं हलतं. ते थारोळं पुढे न्यायचं. घाई केली तर तुटतं, रेंगाळलं तर भोक पडतं. त्याला माझं मत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझी बाजू न्याय्य आहे का, माझ्यावर अन्याय झाला का, काही नाही. इतका वेळ कोणाचाही निषेध न करता मी आयुष्यात पहिल्यांदा राहिले असेन. रॉड संपला तेव्हा मी दुसरा मागितला.

मामानं शिकवलेली शेवटची गोष्ट ही की खरा वेल्डर ठिणगी पाडताना काच धरत नाही. खरा वेल्डर व्हायच्या घाईत मी धरली नाही. संध्याकाळी डोळ्यांत कोणी वाळू भरल्यासारखं झालं, पापण्या सुजल्या, पाणी थांबेना.

शनिवारी सकाळी मी खाटेवर आडवी होते आणि माय माझ्या डोळ्यांवर किसलेल्या बटाट्याच्या पुरचुंड्या ठेवत होती. मामाच्या नावानं तिचं त्याच्या पणजोबापर्यंत सगळ्यांना आठवून झालं होतं. मी वाट पाहत होते की आता शाळेचं काढेल. मला उठून जाता येत नव्हतं, वादही घालता येत नव्हता, बटाटा पडला असता. पण ती पुरचुंडी नीट बसवत म्हणाली, "मी एकदा वीट लावली होती."

 ती सांगत गेली. टाउनशिपची पहिली घरं बांधायला सुरू होती. मिस्त्री बिडी प्यायला उठून गेला. थापी सिमेंटच्या गाऱ्यात तशीच खोचलेली. तिनं घमेलं खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि थापी उचलली. गारा पसरला, वीट ठेवली, दांड्यानं ठोकली, पुढची ठेवली. एक अख्खा थर लावला. रोज डोळ्यांसमोर चाललेलं काम, तिला वाटलं येईल. मिस्त्री परत आला आणि त्यानं लाथेनं सगळा थर पाडला. म्हणाला, रेजा है, रेजा जैसी रह.

"सरळ आला होता थर?" मी विचारलं. ती हो म्हणाली असती तर माझं पत्रक तिथल्या तिथं तयार होतं.

"वाकडा," माय म्हणाली. "चांगलाच वाकडा होता. पन पाहून पाडा लागत होता त्यानं. पायलंच नाई."

तिनं पुरचुंडी बदलली. थंड बटाटा डोळ्यांवर आला.

"तुहा जोड कसा आला?" तिनं विचारलं.

"वाकडा. गाठी गाठी."

"त्या लबाडानं पायला का?"

"पाहिला ना. हातोडीनं ठोकून पाहिला. म्हने, कोंबडी हागल्यावानी दिसते."

माय हसायला लागली. ती इतकी हसली की खाट हलली. मग तिनं नाक शिंकरलं. "मंग जाय," ती म्हणाली. "पन शाळेत आधी सांगून ये. जागा अडवून नको ठेवू, तिथं दुसऱ्याची पोरगी बसन."

माझं म्हणाल तर माझं तो रॉड संपला तेव्हाच ठरलं होतं. पण तिनं जाय म्हटल्यावर मला जे वाटलं ते ठरावात मांडता येण्यासारखं नाही, म्हणून सोडून देते.

सोमवारी बाबांनी त्यांचे जुने बूट काढून ठेवले होते. आत चिंध्या भरून ते माझ्या पायाला बसवून दिले. ते बूट घालून, लाल डोळे घेऊन मी आधी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बंगाली होत्या, मऊ बोलायच्या. मी जागा घेत नाही म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं. माझ्याकडे कारणांचा अख्खा परिच्छेद तयार होता, स्त्री आणि श्रम अशा मथळ्याचा. पण तोंडातून आलं ते एवढंच की मला ते आवडतं. त्यांनी विचारलं, क्या अच्छा लगता है? मी म्हटलं, वेल्डिंग.

त्यांचा चेहरा उजळला. "वेडिंग? अरे वा, शादी है? बहुत बधाई." माझे सुजलेले डोळे पाहून त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मायका छूटता है तो रोना आता ही है. मला उशीर होत होता. त्या शाळेत आजही मी लग्नासाठी नोकरी सोडली असंच समजतात.

ट्रेनिंग स्कूलात पोचले तोवर फाटक लागलं होतं. आतून शिकवणाऱ्या माणसाचा झापण्याचा आवाज येत होता. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. त्यानं फाटक उघडलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, आणि मी मुलगी आहे याबद्दल एक शब्दही न बोलता उशिराबद्दल पुष्कळ शब्द बोलला. मग कोपऱ्यातला एक झाडू उचलून माझ्यापुढे धरला.

आमच्या घरात कोणी झाडू पुढे केला की हात नंतर जातो, मान आधी वर होते. मी हात मागेच ठेवला आणि शेडभर नजर फिरवली, एकेकाच्या छातीवरची नावाची चिठ्ठी वाचली. तिवारी होता, ठाकूर होता, केरळचा एक होता, एक सरदारजी होता. सगळे झाडत होते. तिवारीनं झाडू उलटा धरलेला पाहून उस्ताद त्याच्या अंगावर ओरडायला गेला. मी एकेकाचे हात नीट पाहून घेतले.

मग झाडू घेतला, आणि माझ्या वाट्याच्या टेबलाखालून सुरुवात केली.